फिणेच्या आधीची शांतता

ओनसीबाईंचं पत्र थोंगलाय गुरुजींनी जाड शब्दकोशात ठेवलं होतं आणि त्या दिवसापासून ते तो शब्दकोश उघडेनासे झाले होते. एखादा शब्द अडला तर अंदाजाने पुढे जायचे. जन्मभर शाळेत मुलांना 'अंदाज नको, कोश बघा' असं सांगत आलेला माणूस, पण काय करणार? कोश उघडला की पत्र दिसायचं, आणि पत्र दिसलं की उत्तर न दिल्याची लाज वाटायची.

पत्र लहानसं होतं. ओनसीबाई गाव सोडून मुलाकडे चोनबुरीला, समुद्राकाठी राहायला गेल्या, तिथून त्यांनी ते लिहिलं होतं. 'गुरुजी, तुम्ही एवढी जाड पुस्तकं वाचता, मला एकच सांगा. आमच्या ह्यांच्या फिणेत दोष आहे का? बाणांच्या उत्सवात, देवळात गुरूचं वंदन वाजवायच्या वेळी ती घूं करायला लागते, आणि दारू पिऊन पंगतीत आलेल्या माणसाकडे बघावं तसे लोक तिच्याकडे बघतात. दोष असेल तर वितूनला म्हणावं, भिंतीला टांगून ठेव. नसेल तर ती घूं काढा आणि मला बोलवा. मी गायला येईन. तोवर येणार नाही. त्या आवाजात मला माझा पहिला सूर सापडत नाही.'

उत्तर एका शब्दात देण्यासारखं होतं, पण नेमका कोणता शब्द? गुरुजींनी कितीतरी कागद खराब केले. 'बहुधा' असा एकाचा आरंभ होता, 'शक्यता नाकारता येत नाही' असा दुसऱ्याचा. ज्या बाईने नवऱ्यामागे त्याचं ते तारांचं वाद्य जपलं, तिला 'शक्यता नाकारता येत नाही' असं कसं कळवायचं? बँकॉकहून येणारी विजेविषयीची मासिकं ते वाचत, समासात बारीक अक्षरात टिपणं करत. पण आपल्याला हे खरंच कळलंय की नुसतं वाचलंय, याची त्यांना कधीच खात्री नसे. एक उत्सव तसाच गेला. दुसरा आला.

या वेळी गावप्रमुख लामोमबाईंनी सभेत सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "मागच्या वर्षी पाहुण्या गावचे लोक कानात बोटं घालून बसले होते. यंदा वंदनाला घूं झाली, तर पुढच्या वर्षीपासून वंदन कीबोर्डवर. त्यात फिणेचं बटण असतं म्हणे."

"असतं ना, माए," मागून वितून म्हणाला. हा ओनसीबाईंचा पुतण्या. मोटरसायकली दुरुस्त करायचा, आणि काकाची फिण आता तोच वाजवायचा. "त्याच्या शेजारी कोंबड्याचं पण बटण असतं. चुकून ते दाबलं तर गुरूला कोंबडा आरवून दाखवायचा का?"

लोक हसले. लामोमबाई हसल्या नाहीत. "कोंबडा आरवतो तेव्हा निदान घूं करत नाही," त्या म्हणाल्या.

गुरुजी खांबाआड बसले होते. हात वर करावा असं त्यांना वाटलं. त्यांनी तो केलाही, पण छातीपर्यंतच, आणि मग शर्टाचं बटण चाचपून खाली घेतला.

उत्सवाच्या आदल्या दिवशी सकाळीच उआनचा ट्रक देवळाच्या आवारात शिरला. उआन तालुक्याच्या गावाहून भाड्याने ध्वनियंत्रणा आणायचा. अंगाने भरलेला, बोलायला मोकळा माणूस. त्याने कर्ण्यांची भिंत उभी केली, मागे चिंचेखाली जनरेटर ठेवला आणि त्याची अर्थिंगची लोखंडी सळई जमिनीत ठोकली. वितूनने फिण आणली. फणसाच्या एका लाकडातून कोरलेली, तीन तारांची, डोक्याला नागाचा फणा. तारांखाली काकांनी स्वतः बसवलेलं चुंबक आणि त्याभोवती केसाएवढ्या तारेचं वेटोळं. फिणेची वायर काकांच्याच हातच्या लाकडी ॲम्प्लिफायर पेटीत जायची, आणि पेटीची तीन टोकांची पिन देवळाच्या सभामंडपातल्या सॉकेटमध्ये.

देवळाच्याच सॉकेटमध्ये का, हे गावात कोणी कोणाला विचारत नसे. गावात वीज आली ती आधी देवळात आली. बुद्धमूर्तीसमोर दिवा लागला आणि त्यानंतर कोणाच्याही घरी लागायच्या आधी ओनसीबाईंच्या नवऱ्याने तिथे ही पेटी लावून गुरुवंदनाचे सूर छेडले. वृद्ध भिक्खू लुआंगपो तेव्हा तरुण होते. ते म्हणाले, 'या विजेवरचा पहिला सूर गुरूचा.' झालं. तेव्हापासून वंदन देवळाच्या विजेवर. पुढचा नाच, गाणी, धिंगाणा कशावरही चालो.

उआनने पेटीतून निघालेली वायर आपल्या मोठ्या मिक्सरमध्ये खुपसली. कर्ण्यांच्या भिंतीतून घूं आली. बोधिवृक्षावरचे पक्षी उडाले.

"आली बघा बाई माहेरी!" उआन म्हणाला.

"माइक ठेवून बघ ना पेटीसमोर," मंडपात झाडू मारणारं कोणीतरी बोललं.

"मागच्या वर्षी ठेवला होता. ढोल ऐकू आला, फटाके ऐकू आले, लामोमबाई ऐकू आल्या. फिण काही आली नाही."

गुरुजी पायरीवर उभे होते. सकाळपासून ते स्वतःला बजावत होते की आपण नुसतं बघायला आलो आहोत. पण आता त्यांच्या डोक्यात एक साधी गोष्ट आली. काका हयात असताना नुसती पेटी वाजायची तेव्हा घूं नव्हती. भाड्याचे मोठे कर्णे आले आणि पेटीतून त्यांना वायर गेली, तेव्हापासून ती सुरू झाली. हे इतकं साधं होतं की नक्कीच चुकीचं असणार, असं त्यांना वाटलं.

"वितून," ते हळूच म्हणाले, "फिणेची वायर पेटीतून काढून बघतोस का? म्हणजे, हरकत नसेल तर."

वितूनने वायर उपटली. घूं तशीच राहिली, रतीभर कमी नाही.

वितून बघतच राहिला. मग त्याने फिण डोक्यावर धरली आणि आवारभर मिरवली. "बघा रे बघा! फिण माझ्या हातात आणि घूं तिकडे! एवढी वर्षं हिला शिव्या घातल्यात ना? आता हात जोडा!"

गुरुजी पायरीवर बसले. पत्रातल्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. फिणेत दोष नव्हता. पण घूं अजून होतीच, आणि लोकांना काय, फिण समोर दिसते, वायर दिसत नाही.

"उआन, पेटीची पिन तुमच्या जनरेटरवर लावून बघू या?" आता त्यांचा आवाज थोडा वर आला होता.

लावली. घूं गेली. उआनने मांडीवर थाप मारली. "गुरुजी, तुम्ही शाळेत उगाच आयुष्य घालवलंत! दोन जमिनी आहेत, होय ना? देवळाची एक सळई, माझी एक."

"हो, म्हणजे असं वाचलंय," गुरुजी म्हणाले. "दोघींची पातळी सारखी नसते. आपण मधे वायर टाकली की चुकार वीज त्या वायरीतून इकडून तिकडे फिरते. तुमचा मिक्सर तेच फिरणं ऐकतो आणि गाणं समजून मोठं करतो."

"मग मिटलं! पेटी माझ्याकडे."

"मिटलं कसं?" लामोमबाई सभामंडपातून खाली येत होत्या. हातात केळीच्या पानांचा भारा, कपाळाला घाम. "गुरूचं वंदन भाड्याच्या जनरेटरवर? तो डिझेलचा धूर लुआंगपोंच्या नाकात गेला की ते काय म्हणतील? आणि म्हातारे काय म्हणतील? हे असं करायचं तर मग कीबोर्ड काय वाईट?"

"मग दुसरा उपाय," उआनने खिशातून पक्कड काढली. "पेटीच्या पिनचं हे तिसरं टोक कापतो. देवळाची जमीन सुटली की घूं गेली. आम्ही सगळीकडे हेच करतो."

"नाही!"

हे कोण ओरडलं म्हणून सगळ्यांनी वळून पाहिलं. गुरुजींनीही पाहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं की आपणच ओरडलो.

"ते टोक आवाजासाठी नसतं," ते चाचरत म्हणाले. "माणसासाठी असतं. पेटीत काही बिघडलं तर वीज त्या वाटेने जमिनीत जाते. ते टोक कापलं तर वितूनच्या हातातून जाईल. तारा धातूच्या आहेत."

वितूनने फिण अलगद खाली ठेवली आणि हात पँटला पुसले. "उआनदादा, पक्कड खिशात घाला बरं," तो म्हणाला.

तेवढ्यात भिक्खूंच्या जेवणाची घंटा झाली. जेवण माध्यान्हीच्या आत व्हायला हवं, म्हणून सगळ्यांनी हातातलं टाकलं आणि मंडपात गेले. बांबूच्या टोपल्यांतला चिकट भात, भाजलेले मासे, पपईचं तिखट कुटलेलं सॅलड, सगळं ताटांत मांडून झालं. गुरुजी मागच्या रांगेत गुडघ्यांवर बसले. मनातल्या मनात ते ओनसीबाईंना पत्र लिहीत होते आणि ते पुन्हा 'बहुधा'पाशी अडलं होतं.

लामोमबाई ताट घेऊन पुढे सरकल्या. बाईच्या हातून भिक्खू थेट काही घेत नाहीत. लुआंगपोंनी नेहमीप्रमाणे आपल्यासमोर पिवळं कापड पसरलं आणि त्याचं अलीकडचं टोक बोटांनी धरून ठेवलं. लामोमबाईंनी ताट कापडावर ठेवलं, हात मागे घेतले, वंदन केलं. लुआंगपोंनी ताट उचललं. जेवण इकडून तिकडे गेलं. हाताला हात लागला नाही.

गुरुजींनी हे जन्मापासून पाहिलं होतं. आज मात्र पाहताना त्यांचं तोंड उघडं राहिलं. शेजारच्या म्हातारीला वाटलं, त्यांना ठसका लागला. तिने पाण्याचा पेला पुढे केला.

पेला तिथेच ठेवून गुरुजी उठले आणि जेवण चालू असताना कोणी करत नाही ते केलं: घरी निघाले, तेही जवळजवळ पळत.

घरी पलंगाखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. शाळेचा जुना ध्वनिक्षेपक मोडीत निघाला, तेव्हा त्यातल्या चार वस्तू त्यांनी या डब्यात जपून ठेवल्या होत्या. त्यांतली एक काडेपेटीएवढी होती. लोखंडाच्या एका गाभ्यावर तारेची दोन वेटोळी, शेजारी शेजारी. दोन्हींचा एकमेकांना स्पर्श नाही. एका वेटोळ्यात सूर थरथरला की लोखंड थरथरतं आणि दुसऱ्या वेटोळ्यात तोच सूर उठतो. मासिकातली ती आकृती त्यांनी कितीदा पाहिली होती, समासात टीपही केली होती. पण तिच्यात लुआंगपोंचं पिवळं कापड आहे, हे त्यांना कधी दिसलं नव्हतं.

बाकीच्या वस्तू काढून ते डबाच घेऊन परतले. उआनच्या ट्रकमागे बसून त्यांनी डब्याला दोन्ही बाजूंना भोकं पाडून वायरींसाठी दोन सॉकेट बसवली आणि मधे ती दोन वेटोळी. तारांना कथलाचा डाग देताना गुरुजींचा नेम दोनदा चुकला, तेव्हा उआनने डागायची तापलेली सळई आपल्या हातात घेतली. "तुम्ही सांगा, मी डागतो," तो म्हणाला. "तुमच्या हाताने डाग दिला तर माझ्या मांडीला बसेल."

पेटीची वायर एका बाजूने आली, मिक्सरची दुसऱ्या बाजूने. उआनने बटण वर केलं.

घूं.

उआनने मान खाली घातली. वितूनने हातातली फिण खाली ठेवली, आणि तेच गुरुजींना जास्त लागलं. लामोमबाई चिंचेखाली उभ्या होत्या. त्यांनी सुस्कारा टाकला. "गुरुजी, मन वाईट करून घेऊ नका. प्रयत्न केलात ना. मी कीबोर्डवाल्याला निरोप धाडते, पुढच्या वर्षी कशाला, उद्याच येऊ दे."

गुरुजींनी डबा हातात घेतला. मान्य करावं आणि घरी जावं, असं त्यांना मनापासून वाटलं. घरी शब्दकोश होता. शब्दकोशात पत्र होतं. ते तिथेच उभे राहिले आणि पिवळं कापड पुन्हा डोळ्यांसमोर आणू लागले. ताट ठेवलं, हात मागे. हात मागे... आणि कापडाखाली?

त्यांनी डबा डोळ्यांपाशी नेला. दोन्ही सॉकेट लोखंडी होती, दोन्ही पत्र्याला घट्ट आवळलेली. वेटोळी एकमेकांना शिवत नव्हती, पण सॉकेटं डब्याच्या पत्र्यातून एकमेकांचा हात धरून बसली होती. कापड अगदी नीट अंथरलं होतं, आणि त्याखालून हाताला हात लागला होता!

"वितून!" ते मोठ्याने हसले. गावात त्यांचं असं हसणं कोणी ऐकलं नव्हतं. "वितून, टायरची ट्यूब आण! जुनी, फाटकी, कसलीही!"

वितून दुकानाकडे धावला आणि मोटरसायकलची लांबलचक ट्यूब गळ्यात हारासारखी घालून आला. गुरुजींनी तिची एक चकती कापली आणि पेटीकडच्या सॉकेटखाली, पत्र्याच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडे रबर बसवलं. भोक थोडं मोठं केलं, म्हणजे मधला भागही पत्र्याला लागणार नाही. मिक्सरकडचं सॉकेट पत्र्याला तसंच ठेवलं, कारण डब्याला एका कोणाचा तरी हात धरायला हवाच. उआनने वायरी खुपसल्या आणि बटण वर केलं.

काही झालं नाही.

उआनने बटण आणखी वर केलं. मग अगदी टोकाला. भिंतीएवढ्या कर्ण्यांतून काहीच आलं नाही. बोधिवृक्षाची पानं वाजत होती, ती ऐकू येत होती.

"बंद पडलं काय?" लामोमबाईंनी विचारलं.

वितूनने फिण उचलली आणि एकच तार छेडली.

पक्षी पुन्हा उडाले. या वेळी उआनही जागचा उडाला, कारण बटण टोकाला आहे हे तो विसरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाण घेऊन आलेली गावं आवारात मावत नव्हती. दारू ठासलेले, आभाळात सोडायचे लांबलचक बाण रंगीत कागदांत गुंडाळून खांद्यांवर होते, कोणी आदल्या दिवशी आपल्या गावात उत्सवाच्या चिखलात नाचून तसेच आले होते. लुआंगपोंनी आशीर्वाद दिला. गुरूच्या ताटात फुलं, मेणबत्त्या, सुपारी ठेवून झाली. वितून मंडपात मांडी घालून बसला. पेटी देवळाच्या सॉकेटमध्ये होती, शेजारी बिस्किटांचा डबा, डब्यावर हसणाऱ्या बाळाचं चित्र. गुरुजी खांबाआड होते आणि त्यांना पुरतं माहीत होतं की आता घूं येणार.

वितूनने लुआंगपोंकडे पाहिलं. त्याने हात तारांवर ठेवला आणि थांबला. कर्णे उघडे होते.

काहीच आलं नाही. गर्दीला या वेळच्या घूंची सवय होती, म्हणून पुढचे लोक आधीच डोळे मिटून, खांदे आखडून बसले होते. हळूहळू एकेकाने डोळे उघडले. पाहुण्या गावच्या एका म्हाताऱ्याने कानातली बोटं काढली आणि इकडेतिकडे पाहिलं. "अरे, सुरू तर करा!" मागून कोणी ओरडलं.

"सुरूच आहे रे शहाण्या!" लामोमबाईंनी मागे वळून दरडावलं. "गप्प बस आणि ऐक!"

आणि त्या गप्प आवारात पहिला सूर उठला. स्वच्छ. लाकडाचा, तारेचा, बोटाच्या नखाचा आवाजसुद्धा त्यात होता. फणसाच्या त्या लाकडात असा आवाज आहे, हे गावाने किती वर्षांनी ऐकलं. दुसरा सूर, मग वंदनाची चाल, मग मधली जुनी थांबायची जागा, जिथे काका श्वास घ्यायचे. वितूननेही तिथे श्वास घेतला आणि तो श्वास आवाराच्या पार टोकापर्यंत ऐकू गेला.

वंदन संपलं. मग अशी आरोळी उठली की बाण उडवणाऱ्यांना वाटलं, आपली वेळ झाली. उआनने मिक्सरमागून दोन्ही हात वर केले. एका म्हातारीने वितूनच्या गळ्यात झेंडूची माळ घातली. वितूनने ती काढून फिणेच्या नागाला घातली आणि मग तिच्यातलंच एक फूल तोडून बिस्किटांच्या डब्यावर, बाळाच्या डोक्यावर ठेवलं.

लामोमबाई खांबाआड आल्या. "बाहेर या की. गुरुजी, किती लपता? कीबोर्डवाल्याला मी सांगून टाकलंय, नाचाच्या वेळी ये म्हणून. कोंबड्याचं बटण तेव्हा दाब म्हणावं."

"वाजलं का हो नीट?" गुरुजींनी विचारलं.

"तुम्ही ऐकलं नाहीत?"

"ऐकलं. पण मला वाटलं, मलाच तसं वाटतंय."

लामोमबाईंनी त्यांचा दंड धरला आणि त्यांना उन्हात, गर्दीत ओढून नेलं. त्या दिवशी चिखलातून नाचणाऱ्या माणसांत थोंगलाय गुरुजी होते, हे आजही गावात सांगतात. कोणी विश्वास ठेवत नाही.

उआनने वंदन कॅसेटवर भरून घेतलं होतं. एक प्रत त्याने गुरुजींना दिली. गुरुजींनी त्याच संध्याकाळी शब्दकोश उघडला, पत्र बाहेर काढलं आणि कोरा कागद समोर घेतला. 'बहुधा' लिहिलं नाही.

'माए ओनसी,

फिणेत दोष नाही. कधीच नव्हता. पुढच्या उत्सवाला गायला या.

सोबत कॅसेट पाठवतो. सुरुवातीला काहीच ऐकू येणार नाही. कॅसेट बिघडलेली नाही. तसंच ऐकत राहा, तिथेच तुमचा पहिला सूर आहे.

थोंगलाय'

सकाळच्या बसने ते बाजाराच्या गावी गेले. बसस्टँडजवळच्या टपालपेटीच्या फटीत कॅसेटचं पाकीट जाईना. त्यांनी ते उभं धरलं, आडवं धरलं, पत्ता बरोबर आहे का ते पुन्हा वाचलं. मग तिरकं करून आत ढकललं. पेटीच्या तळाशी ते पडल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर काहीच आलं नाही. गुरुजी थोडा वेळ तिथे उभे राहून ते ऐकत राहिले.